गर्भात चेतापेशी मरतात म्हणजे बिघाड झाला का?

"गर्भातल्या बाळाची एकही चेतापेशी मरता कामा नये, मेली तर काहीतरी बिघडलं," असं वर्षानुवर्षं फिरत आलं आहे. काळजी समजण्यासारखी आहे, पण वाढ अशी होत नाही.

पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी गुच्छिकांमध्ये, म्हणजे स्पर्श-वेदनेसारख्या संवेदना आणणाऱ्या चेतापेशींच्या गाठींमध्ये, चेतापेशी आधी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. त्यांचे तंतू त्वचेपर्यंत, स्नायूंपर्यंत पोचतात. या चेतापेशींना टिकून राहण्यासाठी लागणारी प्रथिनं तिथल्या ऊती मोजकीच सोडतात. ज्या पेशीला ती पुरेशी मिळतात ती जगते. बाकीच्या स्वतःच्याच आतली यंत्रणा चालू करून मरतात. सूज नाही, व्रण नाही. शेजारच्या पेशी अवशेष काही तासांत गिळतात.

पडताळा कोंबडीच्या गर्भात मिळतो. अंड्यातच एका बाजूची पायाची कळी (ज्यातून पुढे पाय बनतो तो उंचवटा) लवकर काढली, की त्या बाजूच्या गुच्छिकांत जास्त पेशी मरतात. जादा कळी जोडली, की जास्त वाचतात. तुलनेला दुसरी बाजू असतेच. मोजताना मात्र एक चूक हमखास होते: सूक्ष्मदर्शकाखालच्या एका पातळ छेदात मरणाऱ्या पेशींची आकसलेली, गडद केंद्रकं दोनचारच दिसतात आणि मृत्यू किरकोळ वाटतात. साफसफाई इतकी झटपट होते, की नव्या पेशींची भर थांबल्यावर वेगवेगळ्या दिवशी जिवंत पेशीच मोजाव्या लागतात.

अर्थात, मद्यामुळे गर्भात मरणाऱ्या चेतापेशी या हिशेबात बसत नाहीत; ती खरी इजाच.