सशानं खाणं सोडलं तर

सशानं सकाळी कोथिंबिरीकडे पाठ फिरवली, तर त्या दिवशीची बाकीची कामं मागे ठेवावीत. कुत्र्याचं पोट बिघडलं की आपण त्याला एक वेळ उपाशी ठेवतो, मग दहीभात देतो आणि बहुतेक वेळा ते मार्गी लागतं. हाच अनुभव सशाला लावला की घात होतो. दहा-बारा तास सशानं काही खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर तो आजार ‘बघू उद्यापर्यंत’ या सदरात बसत नाही. तेवढ्या वेळात त्याच्या पोटात बरंच काही बिनसलेलं असतं. असं का होतं, हे एकदा समजलं की घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हेही आपोआप लक्षात येतं.

ससा गवतावर जगतो, पण गाई-म्हशींसारखा रवंथ करत नाही. गाईच्या पोटात गवत आधी आंबतं आणि नंतर पचतं. सशात हा क्रम उलटा आहे. खाल्लेलं जठरातून लहान आतड्यात जातं, तिथे पचण्यासारखं तेवढं पचतं आणि उरलेलं मोठ्या आतड्याच्या तोंडाशी येतं. इथे एक विलक्षण वाटणी होते. गवताचे जाड तंतू मधून पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या बनतात. बारीक कण आणि पाणी मात्र आतड्याच्या कडेकडेनं मागे, उलट्या दिशेनं नेलं जातं. ते जाऊन पडतं अंधांत्रात. माणसाच्या पोटात अंधांत्र ही एक छोटीशी पिशवी असते; सशात मात्र तो सगळ्यात मोठा अवयव आहे. पोटातल्या एकूण ऐवजापैकी सुमारे ४० टक्के ऐवज एकट्या अंधांत्रात असतो, आणि त्यात कोट्यवधी जिवाणू तो बारीक चोथा आंबवत असतात.

या आंबवण्यातून तयार होणारी आम्लं आतड्यातूनच रक्तात शोषली जातात आणि सशाला ऊर्जा देतात. जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं मात्र अंधांत्रातच अडकून राहतात, कारण ती शोषून घेणारं लहान आतडं मागेच राहिलेलं असतं. यावर सशाच्या शरीरानं काढलेला तोडगा असा : दिवसातून एक-दोनदा अंधांत्रातला ऐवज वेगळ्या, मऊ लेंड्यांच्या रूपानं बाहेर येतो. लहानशा द्राक्षघडासारख्या दिसणाऱ्या, वर बुळबुळीत आवरण असलेल्या या लेंड्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळून टाकतो. नव्यानं ससा पाळणारे हे पाहून दचकतात आणि त्याला थांबवायला बघतात. थांबवू नये. त्याच्या जेवणाचा तो आवश्यक भाग आहे.

हा सगळा कारभार चालतो तो जाड तंतूंच्या जोरावर. त्यांच्यातून सशाला पोषण जवळजवळ काहीच मिळत नाही, पण आतड्याची हालचाल त्यांच्यामुळेच चालू राहते. निरोगी सशाचं जठर कधीच पूर्ण रिकामं नसतं. त्यात नेहमी थोडं गवत, थोडे केस, थोडं पाणी असतंच. भर म्हणजे सशाला उलटी करता येत नाही. जठराच्या वरच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की एकदा आत गेलेलं फक्त पुढेच जाऊ शकतं.

आता हा प्रवाह मंदावला तर काय होईल? आतडं ऐवजातलं पाणी शोषत राहतं, तो घट्ट होत जातो. अंधांत्रातल्या जिवाणूंचा समतोल ढळतो, गॅस धरतो. गॅसनं आतडं ताणलं की पोट दुखतं. पोट दुखलं की ससा खात नाही आणि पाणीही पीत नाही, त्यामुळे हालचाल आणखी मंदावते. इकडे उपासमारीत शरीर साठवलेली चरबी झपाट्यानं मोकळी करतं, ती यकृतात साचते आणि यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ सशांत हे फार लवकर होतं. पशुवैद्य या अवस्थेला जीआय स्टेसिस, म्हणजे पोट-आतड्याची हालचाल थंडावणं, म्हणतात. ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचा तरी परिणाम असते : दातदुखी, मूत्रमार्गातला खडा, उन्हाचा त्रास, भीती, जोडीदार ससा जाणं, घर बदलणं. आणि सगळ्यात जास्त वेळा, पुरेसं गवत नसलेलं रोजचं खाणं.

पूर्वी याचं खापर केसांवर फोडलं जाई. अशा सशाच्या जठरात केसांचा घट्ट गोळा सापडे आणि त्यानंच रस्ता अडवला असं वाटे. आता हे उलगडलं आहे की केस तिथे आधीपासून असतातच. पाणी शोषलं गेल्यामुळे त्यांचा गोळा होतो. त्यामुळे केस विरघळवण्यासाठी अननसाचा किंवा पपईचा रस पाजण्याचा जो सल्ला अजूनही फिरत असतो, त्यात तथ्य नाही. अननसातलं पाचकद्रव्य केसांतलं केराटिन विरघळवू शकत नाही, आणि रसातली साखर मात्र अंधांत्रातल्या नको त्या जिवाणूंना खाद्य पुरवते.

लवकर ओळखण्याचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे लेंड्या. ससा मूळचा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवण्यात तरबेज. तो विव्हळत नाही. लेंड्या मात्र सगळं सांगतात. चांगल्या लेंड्या मध्यम आकाराच्या सशात साधारण हरभऱ्याएवढ्या, गोल, एकसारख्या आणि कोरड्या असतात; चिमटीत फोडली तर आत पिवळसर गवताचा भुगा दिसतो आणि वास जवळजवळ येत नाही. दिवसाला शंभर ते तीनशे लेंड्या हे सामान्य आहे. त्या लहान, काळपट, कडक किंवा वेड्यावाकड्या होऊ लागल्या, किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या माळा दिसल्या, तर आतडं मंदावतंय असं समजावं. मऊ लेंड्या जमिनीवर किंवा शेपटीखाली चिकटलेल्या दिसणं हे वेगळं लक्षण. त्याला हगवण समजू नये. खाण्यात पिष्ट पदार्थ जास्त झाले आहेत, किंवा लठ्ठपणामुळे, पाठदुखीमुळे सशाला मागे तोंड नेता येत नाहीये. खरी पाण्यासारखी हगवण मोठ्या सशात विरळा आणि जीवघेणी. आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिल्लांत ती जास्त दिसते, आणि तिथे तर काही तासांचाही उशीर महागात पडतो.

घरात सकाळी झाडूपोछा करायला मावशी येत असतील, तर त्यांना सांगून ठेवा की सशाचा कोपरा आपण पाहिल्याशिवाय झाडू नका. रात्रभरात किती लेंड्या पडल्या हा पुरावा एकदा केराच्या सुपलीत गेला की गेला.

लेंड्यांच्या बरोबरीनं बसण्याची ढब पाहावी. पोट दुखणारा ससा अंग चोरून, डोळे अर्धवट मिटून बसतो, किंवा पोट जमिनीला घट्ट दाबून लांब होतो, परत उठतो, परत जागा बदलतो. दात खाण्याचा आवाज येतो. खूश असलेला ससाही कुरवाळताना दात हलकेच वाजवतो, पण दुखण्याचा आवाज मोठा, करकरणारा असतो. एकदा ऐकला की फरक विसरत नाही. कान हाताला गार लागले तर परिस्थिती गंभीर आहे. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. ते ३८ च्या खाली उतरणं हे वाईट लक्षण. गुदद्वारातून तापमान घेणं डॉक्टरांकडून शिकल्याशिवाय करू नये, इजा होते. कानाचा स्पर्श घरी पुरेसा आहे.

एक फरक मात्र ओळखता यायलाच हवा. साध्या मंदावण्यात ससा हळूहळू, दिवसभरात खाणं कमी करतो. काल रात्री उड्या मारणारा ससा दोन-चार तासांत एकदम गळून गेला, बरगड्यांच्या मागे पोट फुगून कडक लागत असेल, तर आतड्यात काहीतरी अडकलेलं असू शकतं : केसांचा छोटा घट्ट गोळा, सुकी डाळ, गालिच्याचा धागा. अशा वेळी तोंडातून काहीही भरवू नये. पुढे रस्ता बंद आणि उलटीची सोय नाही, म्हणजे जठर फुटण्याचाच धोका. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर शोधावा. डॉक्टर एक्स-रे काढतात आणि रक्तातली साखरही तपासतात. ती दर डेसिलिटरला ३६० मिलिग्रॅमच्या वर गेलेली असेल तर अडथळ्याची शंका बळावते.

पोट फुगलेलं नाही, ससा शुद्धीवर आहे आणि डॉक्टरांची वेळ मिळायला दोन-तीन तास आहेत, अशा मधल्या वेळात घरी करण्यासारखं नक्कीच आहे. पहिलं म्हणजे ऊब. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवावी, पण ससा हवं तर दूर सरकू शकेल अशी. (मे महिन्यातल्या उकाड्यात कान तापलेले असतील तर उलटं करायचं : सावली, पंखा, कानांवर ओला हात. बर्फाचं पाणी नको.) पाणी बाटलीऐवजी पसरट वाडग्यात ठेवावं, त्यातून ससे जास्त पितात. कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला पाण्यात बुडवून तसाच निथळता पुढे करावा. वास तीव्र असल्यानं कधी कधी तेवढ्यावरही तोंड चालू होतं. त्याला पिंजऱ्यात कोंडू नये, खोलीत चार पावलं फिरू द्यावं. पोट चोळू नये.

लहान बाळांच्या गॅसवर देतात ते सिमेथिकोनचे थेंब पुष्कळ सशेवाले घरात ठेवतात. ते रक्तात शोषले जात नाहीत, त्यामुळे सहसा अपाय करत नाहीत. गुण किती येतो याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच थेंबांत शेपू आणि बडीशेपेचं तेलही मिसळलेलं असतं, म्हणून बाटलीवरचं लेबल फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवूनच द्यावेत. आणि थेंब दिले म्हणून दवाखाना टाळू नये.

सिरिंजनं भरवण्याबद्दल मला आग्रहानं सांगायचं आहे : ते उपयोगी आहे, कित्येक ससे त्यानं वाचतात, पण अडथळा नाही हे डॉक्टरांनी तपासल्यानंतरच. आजारी सशांसाठी भुकटीच्या रूपात मिळणारं तंतुयुक्त खाद्य नसेल, तर नेहमीच्या पेलेट (सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, घोटून पातळ लापशी करता येते. सशाला टेबलावर किंवा मांडीवर पायांवर बसलेलाच ठेवायचा, पाठीवर कधीही उताणा करायचा नाही. पटाशीच्या दातांमागे मोकळी जागा असते, तिथून बाजूनं सिरिंजचं टोक आत घालायचं आणि एकेक मिलिलिटर सोडत, तो चावतोय, गिळतोय हे पाहत पुढे जायचं. घाई केली तर लापशी श्वासनलिकेत जाते.

मेडिकलमधून स्वतःच्या अकलेनं औषध आणणं हा या आजारातला सगळ्यात मोठा धोका. अमॉक्सिसिलिन हे आपल्या घराघरात पडून असलेलं अँटिबायोटिक सशाला तोंडावाटे दिलं तर अंधांत्रातले चांगले जिवाणू मरतात, विष सोडणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. क्लिंडामायसिनचंही तसंच. दूध, ताक, एरंडेल, भाताची पेज, ग्लुकोजचं पाणी, यांतलंही काही देऊ नये.

डॉक्टर मुख्यतः वेदना थांबवतात. त्वचेखाली किंवा शिरेतून सलाईन, वेदनाशामक इंजेक्शन, ऊब, आणि अडथळा नसेल तर आतड्याला चालना देणारं औषध. वेदना कमी झाली की पुष्कळ ससे स्वतःहून गवताला तोंड लावतात. सशांवर उपचार करणारा डॉक्टर कोण, हे आजारपणाआधीच माहीत असायला हवं, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे तपासत नाहीत. परळच्या १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांमध्ये चौकशी केली तर नावं कळू शकतात. एक साधा प्रश्न विचारून पाहा : शस्त्रक्रियेआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं का? जाणकार डॉक्टर ‘नाही’ म्हणतील.

आपल्या हवामानाचा विचार वेगळा करायला हवा. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या माळरानांवरचे, दुपारी गार बिळात शिरणारे. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गॅलरीत ठेवलेल्या सशाला बीळ नसतं. तीस अंशांच्या वर तो खाणं कमी करतो, आणि खाणं कमी झालं की पुढचं सगळं वर आलंच आहे. घरातली सगळ्यात गार फरशी, मातीचं भिजवलेलं मडकं आडवं टाकून आत शिरायला जागा, एवढ्यानंही फरक पडतो. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या जरा जास्त लक्ष देऊन पाहाव्यात.

रोजच्या खाण्यात चार-पंचमांश वाटा गवताचा हवा, वाळलेल्या किंवा ताज्या. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं. फवारणी नसलेली, धुतलेली हरळी उत्तम चालते. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. पेलेट थोड्याच. गाजर म्हणजे सशाचा खाऊ, जेवण नव्हे. पोळी, बिस्किट, भात यांना जागाच नाही.

इतकं करूनही एखादा ससा पुन्हा पुन्हा खाणं सोडत असेल, तर दाढा तपासून घ्याव्यात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पटाशीचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर, आणि गवत चघळण्यानंच ते झिजतात. झीज कमी पडली की दाढांना धारदार टोकं फुटतात, ती जीभ आणि गाल कापतात. असा ससा गवतापाशी येतो, वास घेतो, उचलतोही, आणि खाली टाकतो. पुढचे दात ओठ वर करून आपल्याला दिसतात, दाढा मात्र दिसत नाहीत. त्या भूल देऊन पाहाव्या आणि घासाव्या लागतात. नेलकटरनं दात कापून देणारे कुणी भेटले तर नको म्हणावं, कारण तसा दात मुळापर्यंत चिरतो आणि जबड्यात गळू होतं.