पार्श्वभूमी : संगमावरचा दगडी रेल्वेपूल

शिवाजीनगर सुटलं की पुणे स्टेशनकडे जाणारी गाडी मुठा ओलांडते. डाव्या हाताला मुळा-मुठेचा संगम असतो. काळ्या दगडाच्या कमानींचा हा पूल ज्या मार्गाचा भाग आहे, तो खंडाळा-पुणे मार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला. गंमत अशी की तेव्हा बोरघाटात रेल्वेच नव्हती. मुंबईहून गाडी खोपोलीपर्यंत यायची. तिथून पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करून खंडाळा गाठायचा आणि पुन्हा गाडीत बसायचं. घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये खुला झाला. म्हणजे जवळपास पाच वर्षं पुण्याची रेल्वे मुंबईपासून तुटलेलीच होती.

पूल दगडाचा का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. लोखंडी तुळया विलायतेहून जहाजाने यायच्या. त्या देशावर आणायच्या तर 1830 मध्ये गाड्यांसाठी खुल्या झालेल्या घाटरस्त्याने ओढून न्याव्या लागल्या असत्या. रूळ आणि इंजिनं अशीच वर चढवावी लागली, त्याला इलाज नव्हता. दगड मात्र इथे पायाखालीच होता. सह्याद्रीचा हा काळा पाषाण दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. आणि कमानीत वरचं ओझं दाब होऊनच पायांकडे उतरतं.

काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, मुख्य अभियंता जेम्स बर्कले. कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. ही उदारता केवळ प्रवाशांसाठी नव्हती. पुणे आणि खडकी इथे लष्करी छावण्या होत्या आणि मार्ग सुरू झाला तो 1857 च्या उठावानंतरच्या वर्षी. संगमाजवळ ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाचं निवासस्थान होतं. ती नोव्हेंबर 1817 मध्ये पेशव्यांच्या सैन्याने जाळली होती. चाळीस वर्षांनी त्याच परिसरातून रूळ गेले. शेजारच्या, आता विद्यापीठ झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं मूळही याच काळातलं. बांधकाम खात्याला हाताखालची प्रशिक्षित माणसं हवी होती, म्हणून 1854 मध्ये पुण्यात शिक्षणाचा वर्ग निघाला.

दगडी म्हणजे पक्कं, असं आपण सहज म्हणतो. या कंपनीचा अनुभव वेगळा होता. 1867 मध्ये बोरघाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. मग इतर पुलांच्या बांधकामाचीही तपासणी झाली आणि अनेक ठिकाणी निकृष्ट दगडकाम उघडं पडलं. दर्शनी दगड कितीही घडीव असला, तरी आतली भर आणि चुना कच्चा असेल तर कमान फार काळ तग धरत नाही. म्हणून जुन्या पुलांचं कौतुक करताना जे पडले त्यांचाही हिशेब ठेवावा, असं मला वाटतं.

शेजारचा रस्त्याचा संगम पूल, म्हणजे जुना वेलस्ली पूल, आधी लाकडी होता. दगडी झाला तो 1875 मध्ये, रेल्वे येऊन बरीच वर्षं लोटल्यावर. पुढे 1929 मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी आली, 1930 मध्ये डेक्कन क्वीन धावू लागली. आता वनाज-रामवाडी मेट्रोही याच भागात मुठा ओलांडते, काँक्रीटच्या खांबांवरून.