टॉवेलचं घरटं आणि कमी दिवसांचं बाळ

"महिनाभर पेटीत ठेवलं, म्हणून पाय आखडले." सोलापुरात एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) बाकड्यावर असलं वाक्य कानावर पडतंच. पेटी (इन्क्युबेटर) बिचारी ऊब देते. तिच्यात बाळ निजवलं कसं होतं, हे मात्र जरूर विचारावं.

गर्भाशयात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जागा पुरत नाही. बाळाचं मुटकुळं झालेलं असतं, हात तोंडाशी, गुडघे पोटाशी. पाय ताणला की भिंत लागते, तो परत मिटतो. या ढकलाढकलीतूनच हातपाय दुमडून धरायची ताकद येते. ३० व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा हा सगळा काळ सपाट गादीवर जातो. स्नायू ढिले, त्यात गुरुत्वाकर्षण. मांड्या बेडकासारख्या फाकतात, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना पडतात, खांदे मागे खेचले जातात. असं आठवडेच्या आठवडे राहिलं तर खांद्यांमागचे आणि मांडीबाहेरचे स्नायू आखूड होऊ शकतात. मग दोन्ही हात छातीसमोर येत नाहीत, आणि ते आले नाहीत की खुळखुळा धरणं, कुशीवर वळणं, पालथं पडून कोपरांवर रेलणं, सगळंच लांबतं.

उपाय सोलापूरला शोभणारा आहे: टॉवेल. धुऊन मऊ झालेले दोन सुती टॉवेल घट्ट गुंडाळून बाळाभोवती लंबगोल कडं करतात. खांदे पुढे राहतील इतकं जवळ, पावलं टेकतील इतकं आखूड. डोक्याखाली जाड घडी नको, मान पुढे वाकली की श्वासाची वाट दबते. गुंडाळी सैल असेल तर थोड्याच वेळात सपाट होते. फार आवळली तर बाळाला पाय झाडता येत नाहीत, आणि झाडणं हाच तर त्याचा व्यायाम. कूस बदलायची ती दूध देताना किंवा लंगोट बदलताना, म्हणजे झोपमोड टळते. हे घरटं फक्त मॉनिटर लावलेल्या बाळासाठी. घरी कडक सपाट गादी, बाळ उताणं, आजूबाजूला उशी-गुंडाळी काही नाही.

औषधांचं गणित वेगळं. श्वास थांबू नये म्हणून देतात ते कॅफिन, चहातलंच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या कायमच्या मर्यादेचं) प्रमाण कॅफिन न मिळालेल्यांत ७.३ टक्के, मिळालेल्यांत ४.४ टक्के होतं. उलट पहिल्या आठवड्यात फुफ्फुसांसाठी बाळाला दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने तो धोका वाढतो, म्हणून ते सरसकट देत नाहीत. प्रसूतीआधी आईला देतात ते स्टिरॉइडचं इंजेक्शन वेगळं, ते बाळाच्या फायद्याचं.

जाता जाता, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही" ही निव्वळ भाकडकथा. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो.

वय मोजताना चाळीस आठवडे भरायला राहिलेले आठवडे वजा करा. ३२ व्या आठवड्यातलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याच्याकडून अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाइतकीच. ठरलेल्या तारखेनंतर साधारण १२ ते १६ आठवड्यांत मान, मनगटं, घोटे यांत बारीक, गोलसर चुळबुळ सतत दिसायला हवी. ती नसणं ही मेंदूच्या इजेची फार लवकर मिळणारी खूण आहे, हे तान्ह्या बाळांच्या हालचालींचे अभ्यासक प्रेख्टल यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडलं. डॉक्टरांना दाखवायला मोबाईलवर तीन ते पाच मिनिटांचं चित्रण पुरतं. बाळ जागं, शांत, उताणं, तोंडात काही नाही, चारही हातपाय दिसताहेत. आजीने मध्येच टाळी वाजवली की पुन्हा पहिल्यापासून.