हरकत, आक्षेप, तक्रार: ‘पटत नाही’च्या शब्दांची पार्श्वभूमी

‘असहमती’ हा शब्द छापील मराठीत आता पक्का बसला आहे, पण बोलण्यात तो फारसा उतरलेला नाही. घरात कुणी ‘माझी असहमती आहे’ म्हणत नाही, ‘मला नाही पटत’ म्हणतो. कागदावर मात्र न पटण्याला नाव द्यावं लागतं, आणि प्रत्येक कागदाला वेगळं नाव लागतं. विरोध, मतभेद, हरकत, आक्षेप, तक्रार, निषेध हे समानार्थी म्हणून एका ओळीत लिहिले जातात, पण एकाच्या जागी दुसरा घातला की वाक्य अडतं.

फार मागे जायचं तर न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात ‘वाद’ सर्वांत सभ्य, म्हणजे तत्त्व कळावं म्हणून केलेला. आज ‘त्यांचा वाद झाला’ म्हटलं की आवाज चढलेलेच डोळ्यांसमोर येतात. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडत राहणं; ‘वितंडवाद’ तेवढा या मूळ अर्थाला धरून राहिला.

खरी गुंतागुंत दप्तरी मराठीत आहे. मराठी सनदांच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं: ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’. म्हणजे दर वर्षी नवं पत्र आणा असं म्हणून इनामदाराला अडवू नका. हेच वाक्य दुसऱ्या वळणाने ‘ताज्या सनदेचा उजूर न करणे’ असंही येतं. उजूर हा अरबी शब्द, मूळ अर्थ सबब. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी पेशवाईच्या कागदांत उजूर आणि आक्षेप दोघेही नांदत होते. पुढे उजूर वापरातून गेला आणि आक्षेप राहिला, पण त्याचा अर्थ बदलला. आता आक्षेप ‘घेतला’ जातो, आणि तोही बहुधा एखाद्या विधानावर, लेखावर किंवा वागण्यावर.

हरकतीची गोष्ट याहून मजेशीर आहे. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. हिंदी-उर्दूत ती वागणूक, त्यातही खोडसाळ वागणूक झाली. मराठीत ती अडथळ्याकडे आणि तिथून विरोधाकडे सरकली. गाण्याच्या बैठकीत मात्र ती अजून हालचालच आहे: गायकाने एखादी सुरेख हरकत घेतली की दाद मिळते, आणि तीच ‘हरकत घेतली’ ही शब्दजोडी तलाठी कार्यालयात ऐकली की कुणाची तरी नोंद अडकलेली असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या भाषाशुद्धीच्या चळवळीने दिनांक, महापौर, दिग्दर्शक असे शब्द रुजवले, पण हरकतीला धक्का लागला नाही. माझ्या मते याचं कारण ‘काही हरकत नाही’ हे आहे. रोजच्या तोंडात बसलेल्या या वाक्यात ‘काही आक्षेप नाही’ घालून पाहा, लगेच कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. ‘विरोध नाही’ म्हटलं तर थोडा होता, आत्ताच मागे घेतला, असा वास येतो. ‘दुमत’ तर जवळजवळ नकारापुरताच उरला आहे: ‘यात दुमत नाही’ सगळे म्हणतात, ‘माझं दुमत आहे’ क्वचितच कुणी.

1960 नंतर राज्यकारभार मराठीत आणायचं ठरलं, 1964 साली राजभाषेचा कायदा झाला आणि परिभाषेची कामं निघाली. हिंदीने ‘अनापत्ति प्रमाणपत्र’ केलं, मराठीने ‘ना हरकत प्रमाणपत्र’. मराठी जोडणीवर नाकं मुरडणारे आहेत. अरबी हरकतीच्या एका बाजूला ‘ना’, दुसऱ्या बाजूला संस्कृत प्रमाणपत्र, हे त्यांना धेडगुजरी वाटतं. त्यापेक्षा ‘हरकत नसल्याचा दाखला’ सरळ, असं ते म्हणतात. तो सरळ आहे खरा, पण लांब आहे. शिवाय ‘आपत्ती’ घ्यायची सोय मराठीला नव्हतीच. आपल्याकडे आपत्ती म्हणजे संकट, तिचं व्यवस्थापन करायचं असतं. तरीही हल्ली ‘आपत्तीजनक विधान’ कानावर पडतं. ते विधान आक्षेपार्ह असतं, पूर आणणारं नसतं. ‘निषेधा’चंही असंच आहे: हिंदीत तो मनाई करतो, मराठीत घोषणा देतो.

हे शब्द एकमेकांना कसे खेटून उभे आहेत ते जमिनीच्या फेरफारात दिसतं. खरेदीची किंवा वारसाची नोंद गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत, होते. संबंधितांना नोटीस जाते, 15 दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत भावकीतलं कुणी येऊन देतो ती ‘हरकत’. ती आली की नोंद ‘तक्रारी’ होते. मग ती नमुना 6-अ मध्ये चढते, त्या वहीचं नाव ‘विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही’. भाऊ तोच, जमीन तीच, शब्द मात्र तीन. अरबीत तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, हिंदीत बाचाबाची. इतरत्र मराठीत तक्रार गाऱ्हाण्याची झाली असली तरी ‘तक्रारी नोंद’ म्हणताना तिचा भांडणाचा अर्थ जागा असतो.

समित्यांच्या अहवालांत आणखी एक शब्द भेटतो: भिन्नमतपत्रिका. एखाद्या सदस्याला बहुमताचा निष्कर्ष मान्य नसला की तो आपलं म्हणणं वेगळं लिहून सही करतो, आणि ते अहवालाला जोडलं जातं. त्याला हरकत म्हणता येत नाही, कारण काम अडत नाही. अहवाल तसाच पुढे जातो.