इंडिकेटर (वाहनाचा दिशादर्शक दिवा)

वाहन कोणत्या बाजूला वळणार किंवा लेन बदलणार, हे इतरांना आधी कळावे म्हणून लुकलुकणारा नारिंगी-पिवळा दिवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे तो अंबर रंगाचा असावा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशर रिलेवर (दिवा चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या गाडीत एखादा बल्ब गेला की उरलेला दिवा भराभर लुकलुकू लागतो. त्यामुळे डॅशबोर्डवरची टिकटिक घाईची झाली, की मेकॅनिक आधी मागे जाऊन बल्ब बघतो.

दिव्यांच्या आधी हात होते. उजवा हात आडवा, तळवा पुढे म्हणजे उजवीकडे. तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवला की डावीकडे. युरोपातल्या मोटारींना पुढे दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारी छोटी उजळ दांडी बसवली जाई. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९३९ च्या मोटारींना लुकलुकणारे दिवे दिले. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२१ नुसार उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत वळण्या-थांबण्याचा इशारा यांत्रिक किंवा विद्युत साधनाने देता येतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मात्र तो तसाच द्यावा लागतो, कारण तिथे चालकाचा हात रस्त्याच्या कडेला निघतो आणि मागच्याला दिसतच नाही. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत हाताचे इशारे आजही विचारतात. रिक्षावाल्याचा बाहेर निघालेला पाय मात्र कुठल्याच नियमात नाही, तरी शहरात तो सगळ्यांना समजतो.

खरा घोळ हायवेवर आहे. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या पाठीमागून पुढचे काहीच दिसत नाही, म्हणून साइड देण्याची रीत पडली. पूर्वी डावीकडे बसलेला क्लीनर किंवा खुद्द ड्रायव्हर हात हलवून 'जा' म्हणे. ते काम उजव्या इंडिकेटरने घेतले. कायद्याच्या लेखी तोच दिवा 'मी उजवीकडे वळतोय' असे सांगतो. त्यातही काही ड्रायव्हर 'समोरून गाडी येतेय, थांब' म्हणून उजवा देतात आणि 'जा' म्हणायला डावा. मागच्याने मग अंदाज बांधायचा: ट्रक डावीकडे सरकतोय की मधल्या पट्ट्याला चिकटतोय, ब्रेकलाइट लागलाय का, पुढे उजव्या हाताला फाटा, पंप किंवा ढाबा आहे का. अंदाज चुकला, तर ओव्हरटेक करणारी गाडी वळणाऱ्या ट्रकच्या कुशीत शिरते. दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर समोरून गाडी येण्याचा प्रश्न उरला नाही, सवय उरली.

दुसरी चुकीची रीत चौकात दिसते: सरळ जायचे म्हणून चारही इंडिकेटर लावणे. डाव्या रस्त्यावर थांबलेल्याला गाडीची एकच बाजू दिसते, त्याला ती डावीकडे वळतेय असेच वाटते. पावसात हॅझर्ड, म्हणजे हेच चारही इंडिकेटर, लावून गाडी चालवणारे लेन बदलण्याची खूणच गमावून बसतात.

मोटारीत स्टिअरिंग सरळ झाले की त्याच्याजवळची इंडिकेटर लावायची दांडी आपोआप जागेवर येते. लेन बदलताना चाक पुरेसे फिरत नाही, म्हणून बऱ्याच नव्या गाड्यांत दांडीला हलका स्पर्श केला की दिवा तीनदा लुकलुकून थांबतो. बहुतेक दुचाक्यांत बटण हाताने दाबून बंद करावे लागते, आणि ते विसरले जाते. चालू राहिलेला इंडिकेटर न दिलेल्यापेक्षा वाईट, कारण कडेला उभा माणूस त्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकतो.

गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागे लोंबणाऱ्या उसाने असलेले दिवेही झाकले जातात, आणि ट्रॉली शेतरस्त्याला वळतेय हे मागच्या मोटारसायकलवाल्याला ती आडवी झाल्यावरच कळते.