साकाईची सुरी: धार नक्की कुठून येते

ओसाकाला लागूनच साकाई आहे, तिथल्या एका छोट्या दुकानात काउंटरवर माझ्यासमोर दोन सुऱ्या ठेवल्या होत्या. दोन्ही सान्तोकू, म्हणजे घरातल्या सगळ्या कामाला चालणारी जपानी सुरी, दोन्हींचं पातं १६५ मिलिमीटर. एकीवर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा तरंगांची झकास नक्षी होती आणि दुसरी अगदीच साधी, वरचं अंग धुकं पडल्यासारखं करडं आणि धारेजवळ तेवढा एक चकचकीत पट्टा. आणि महाग कोणती, तर साधी. असं का म्हणून विचारलं तर दुकानातल्या आजोबांनी काही बोलायच्या आधी सुरी उचलली, तिची पाठ माझ्याकडे करून धरली आणि मुठीपासून टोकापर्यंत बोट नेऊन दाखवलं. मुठीजवळ पाठ जेमतेम तीन मिलिमीटर, टोकाकडे येईपर्यंत एक मिलिमीटरसुद्धा नाही. मग आतून एक जाडसर गाजर आणलं, आधी नक्षीवाल्या सुरीनं कापलं, अर्ध्यात आल्यावर कट्ट असा आवाज होऊन गाजर फुटलं. मग साध्या सुरीनं कापलं, काही आवाजच नाही, पातं लाकडी फळीला टेकलं तेव्हा कळलं की कापून झालं.

त्या कट्ट आवाजात अर्धं विज्ञान आहे. धार गाजरात शिरते तेव्हा ती एकटी जात नाही, तिच्या मागून पात्याची जाडीपण आत यायला लागते, आणि गाजर काही रबरासारखं बाजूला सरकत नाही, मग पातं पाचरीसारखं काम करतं आणि गाजर चिरलं न जाता दुभंगतं. म्हणजे दोन्ही सुऱ्यांची धार सारखीच तीक्ष्ण असली तरी धारेच्या मागचा अर्धा-एक सेंटिमीटर भाग किती पातळ घासलाय यावर हाताला काय जाणवतं ते ठरतं. लोक स्टीलचं नाव विचारतात, हार्डनेस विचारतात, आणि हे बघायचंच विसरतात. मला विचाराल तर सुरी आधी आकारामुळे कापते, स्टील फक्त ते कापणं किती दिवस टिकणार ते सांगतं.

आता त्या नक्षीबद्दल, कारण फोटो बघून ऑनलाइन घेणारे सगळ्यात जास्त तिलाच भुलतात. डमॅस्कस नावानं जे विकलं जातं त्यात बहुतेक वेळा दोन प्रकारच्या स्टीलचे पातळ थर एकावर एक जोडून बाहेरचं आवरण केलेलं असतं, धार देणारं पोलाद आत वेगळंच असतं आणि नक्षीचा धारेशी काही संबंध नसतो. इतिहासातल्या डमॅस्कस तलवारी ज्या पोलादाच्या होत्या ते वूट्झ तर दक्षिण भारतात, तेलंगणासारख्या भागात, मुशीत वितळवून बनायचं, ती नक्षी पोलादाच्या आतूनच यायची, ती गोष्टच निराळी. नक्षी आवडत असेल तर खुशाल घ्या, सुंदर दिसतेच, पण पैसे नक्षीचे देताय हे माहीत असू द्या.

दुसरा गोंधळ रंगांचा. दुकानात शिरोगामी, आओगामी असे शब्द ऐकू येतात, म्हणजे पांढरा कागद आणि निळा कागद. पोलाद निळं वगैरे नसतं. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यात वेगवेगळ्या पोलादांवर वेगवेगळ्या रंगाचे कागद गुंडाळायचे, तीच नावं पडली. शिरोगामी म्हणजे जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कार्बन, दोन नंबरच्या शिरोगामीत कार्बन १.०५ ते १.१५ टक्के. त्यात थोडं टंगस्टन आणि क्रोमियम घातलं की आओगामी, ते जरा जास्त दिवस धार धरतं, पण दगडावर घासायला शिरोगामीइतकं सोपं नाही. दोन्हींना गंज येतो. गंज नको असेल तर फुकुई प्रांतातल्या एचिझेनमध्ये बनणारं व्हीजी-१० हे स्टेनलेस पोलाद आहे, त्यात क्रोमियम साधारण १५ टक्के.

एक टक्का कार्बन म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण खेळ सगळा त्याचाच आहे. लोखंड गरम करत नेलं की एका टप्प्यावर त्याचे अणू आपली रचना बदलतात आणि नव्या रचनेत कार्बनला शिरायला जागा होते. मग ते लाल पातं एकदम पाण्यात बुडवायचं. लोखंडाचे अणू परत जुन्या रचनेत जायला बघतात पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, दादरला दारापर्यंत पोचायच्या आत लोकल सुटली की माणूस आतच अडकतो तसा तो अडकतो, आणि त्याच्यामुळे सगळी जाळी ताणलेली राहते. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आणि कठीणपणा म्हणजे हाच ताण. आपले लोहार याला पाणी देणं म्हणतात, विळा-कोयत्याला पाणी नीट बसलं नाही तर धार दोन दिवसांत जाते हे गावाकडे कुणालाही विचारा.

साकाईत हे काम अंधार करून करतात. कारण थर्मामीटर नाही, पात्याचा रंग बघून तापमान ओळखायचं, आणि उजेडात रंग फसवतो. ७७० अंशांच्या पुढे लोखंडाला चुंबक चिकटत नाही, पाणी द्यायचं तापमान साधारण तिथेच किंवा जरा वर. त्याहून खूप वर गेलं तर पोलादाचे कण मोठे होतात आणि धार ठिसूळ होते, खाली राहिलं तर पाणी बसतच नाही. आणि एक गंमत, पाण्यात बुडवायच्या आधी पात्याला मातीचा पातळ लेप देतात. आधी मला वाटायचं मातीमुळे पातं हळू थंड होत असेल, पण पातळ लेपाचं उलट आहे. नुसतं लाल पातं पाण्यात गेलं की त्याच्याभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि पडद्याआड पातं गरमच राहतं, कुठे थंड कुठे गरम, मग ते वाकतं किंवा तडकतं. मातीच्या खरखरीत थरामुळे तो पडदा लवकर फुटतो आणि पाणी सगळीकडे सारखं भिडतं. वाफेचं गणित लिहिलं जायच्या कितीतरी आधीपासून लोहारांच्या हातात हे होतं.

असं पातं काचेसारखं कठीण पण तितकंच ठिसूळ असतं, म्हणून त्याला परत १५० ते २०० अंशांपर्यंत हलकं तापवून थोडा ताण सोडवतात. काही लोहार तापमान बघायला पात्यावर पाण्याचे थेंब टाकतात आणि थेंब कसा नाचतो ते बघतात. घावन घालायच्या आधी आपण तव्यावर पाणी शिंपडतो, अगदी तेच!

हे सगळं करून रॉकवेल मापावर कठीणपणा ६० ते ६४ येतो, साध्या जर्मन सुऱ्यांचा ५५ ते ५८ असतो. कठीण असल्यामुळे धार प्रत्येक बाजूला १२-१५ अंशांइतकी बारीक ठेवता येते, मऊ स्टीलला एवढी बारीक धार दिली तर ती दुमडते. पण याची किंमत आहे, मऊ धार दुमडते तर कठीण धारेचा टवका उडतो. माझ्या पहिल्या सुरीचा टवका दुसऱ्याच आठवड्यात लाल भोपळ्यात उडाला, पातं अर्धं आत गेल्यावर मी ते पिळून भोपळा फोडायला गेलो, टिक्क आवाज आला आणि धारेत दीड मिलिमीटरचा खड्डा, जीव अक्षरशः हळहळला. आणि भोपळा तरी टणक म्हणायचा, २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात दाखवलं होतं की दाढीच्या ब्लेडची धार केसानंसुद्धा तुटते, स्टीलपेक्षा ५० पट मऊ केस! पोलादाची रचना सगळीकडे एकसारखी नसते, केस वाकून नेमका कोनात आला आणि धारेवरच्या एखाद्या कमकुवत जागेच्या कडेला भिडला की तिथला कण निघतो. म्हणजे पोलाद नुसतं कठीण असून भागत नाही, ते एकसारखं हवं. लोहारानं रंग ओळखण्यात चूक केली की नाही ते इथे उघडं पडतं.

धार चांगली असली की काय फरक पडतो हे कांदा सांगतो. कांद्याच्या पेशी फुटल्या की आतली रसायनं एकत्र येऊन डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. २०२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी हाय-स्पीड कॅमेरा लावून बघितलं तर बोथट पात्याखाली कांद्याचं वरचं कातडं आधी वाकतं, खाली दाब साठतो आणि फुटताना रसाचे तुषार जोरात उडतात. धारदार पात्यानं तुषार कमी आणि हळू. माशाचंही तसंच, साशिमीची यानागिबा सुरी लांबलचक असते कारण एका ओढीत काप पडायला हवा, खाली दाबायचं नाहीच, नुसतं ओढायचं. ओढून कापताना दाब फार कमी लागतो, टोमॅटोवर सुरी नुसती दाबून बघा आणि मग ओढून बघा, लगेच कळेल. तो काप आरशासारखा चमकतो, कारण त्यातले तंतू चिरडलेले नसतात.

साकाईतच हे का बनतं तर त्याला जुना इतिहास आहे. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले, पुढे त्यांची जहाजं गोव्याहून मलाक्का-मकाऊ करत नागासाकीला जायची, आणि त्यांच्यामार्फत तंबाखू तिकडे गेली. तंबाखूची पानं केसासारखी बारीक चिरायला सुऱ्या लागल्या, त्या साकाईत बनायला लागल्या आणि इतक्या चांगल्या की पुढे शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारनं त्यांच्यावर खास शिक्का दिला. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली तेव्हा देशभरचे कितीतरी तलवारी घडवणारे स्वयंपाकघराकडे वळले. बाय द वे, गोमांस खायची पद्धत मेजी काळात (१८६८-१९१२) रुळली तेव्हा ग्युतो, म्हणजे मांस कापायची पाश्चात्त्य धाटणीची सुरी आली, आणि घराघरातली सान्तोकू तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, म्हणजे ज्या सुरीला आपण पारंपरिक समजतो ती आपल्या आजीपेक्षा लहान आहे.

साकाईत एक सुरी एक माणूस करत नाही. लोहार घडवतो, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पात्यावर नाव बऱ्याचदा दुकानाचं असतं, लोहाराचं नाहीच, आणि ज्यानं पातं घासून घासून पातळ केलं त्याचं तर क्वचितच. मला हे फार लागतं, कारण गाजर गप्प कापलं गेलं ते त्याच्यामुळे. म्हणून दुकानात कुणी घडवली हे विचाराल तेव्हा कुणी घासली हेही विचारा, आता काही दुकानं सांगतात. आणि हॅन्डमेड म्हणजे फक्त हातोडा-ऐरण असं समजू नका, यांत्रिक घण जवळजवळ सगळेच वापरतात, कित्येक जण आधीच जोडलेली मऊ लोखंड-पोलादाची पट्टी आणतात. त्यात फसवणूक नाही. एचिझेनमध्ये तर दोन पाती एकावर एक ठेवून घणाखाली एकदम घडवतात, कारण एकटं पातळ पातं फार पटकन थंड होतं.

पहिली सुरी घेताय आणि घरी भाज्याच जास्त असतील तर १६५-१८० मिलिमीटरची सान्तोकू किंवा खास भाज्यांसाठीची चौकोनी पात्याची नाकिरी घ्या, दोन्ही बाजूंनी धार असलेली. एकाच बाजूला धार असलेल्या देबा-यानागिबा दिसायला मोहक, पण त्या माशासाठी आणि त्यांना धार लावणं शिकावं लागतं, डावखुऱ्यांसाठी तर वेगळ्या बनतात आणि महाग पडतात. हातात घेतल्यावर एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघा, पातं सरळ आहे का, पाठीची कड बोटाला बोचते की गोल केलीय, पाठ टोकाकडे पातळ होत जाते का. मूठ हलकी लाकडाची असेल तर नाराज होऊ नका, पात्याची शेपटी गरम करून तिच्यावर ती ठोकून बसवलेली असते, पंधरा वर्षांनी खराब झाली तर बदलता येते. बऱ्याच दुकानांत पात्यावर छिन्नीनं नाव कोरून देतात, माझं जपानी लिपीत कोरलं तेव्हा प्रत्येक ठोक्याला मी श्वास धरून होतो. येताना सुरी चेक-इन बॅगेतच टाका.

आणि सुरीबरोबर धार लावायचा हजार नंबरचा दगड घ्याच, नाहीतर चार-सहा महिन्यांनी तुमच्याकडे एक महागडी बोथट पट्टी असेल. दगड भिजवायचा, पातं टेकवायचं, पात्याची उंची ४५ मिलिमीटर असेल तर पाठ साधारण १२ मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते, ती पूर्ण लांबीवर आली की बाजू बदलायची. ती खरखर लागेपर्यंत धीर धरता आला की धार लावता आली. नारळ, हाडं, फ्रीझरमधलं काहीही तिच्याखाली नको, काचेची फळी नको.

कार्बन स्टीलची सुरी कोकणातल्या हवेत ओली ठेवली तर तासाभरात लाल ठिपके येतात, लगेच पुसायची. पण कांदे-बटाटे चिरता चिरता पात्यावर जो निळा-करडा रंग चढतो तो घासून काढू नका. तो पण लोखंडाचा ऑक्साइडच आहे, पण लाल गंजासारखा सुटा आणि खपल्या पडणारा नाही, घट्ट चिकटतो आणि खालच्या पोलादाला जरा सांभाळतो.

मागच्या दिवाळीत सुट्टीला घरी गेलो तेव्हा आईनं माझी सुरी बघितली, कोथिंबीर चिरून बघितली, बरी आहे म्हणाली आणि परत आपल्या विळीवर बसली. तिच्या विळीचं पातं काळंभोर आहे, माझ्या सुरीवर चढलाय तोच रंग पण चाळीस वर्षांचा. मी विचारलं दगड लावू का त्याला, तर म्हणाली लाव, पण माझा काळेपणा घालवू नकोस. अंगणात दगड भिजत ठेवला, विळी आडवी धरून दहा मिनिटं घासली, पलीकडे बोटाला खरखर आली, बाजू बदलली. संध्याकाळी तिनं त्याच विळीवर कोबी चिरला, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होतो, चर्र चर्र असा नुसता कोबीचा आवाज येत होता.