पाळीव सापाला भरवणे (गोवा)

पाळीव सापाला भरवणे : कैदेतल्या सापाला त्याच्या जातीला मानवेल असे अख्खे भक्ष्य, योग्य आकाराचे आणि योग्य अंतराने देण्याची पद्धत. हे करताना भक्ष्याचेही हाल होऊ नयेत, हा तिचाच भाग. गोव्यात हौसेने पाळले जाणारे साप प्रामुख्याने दोन : आफ्रिकेतला बॉल पायथन आणि उत्तर अमेरिकेतला कॉर्न स्नेक. दोन्ही बिनविषारी असून भक्ष्याला विळखा घालून मारतात, आणि दोघांचेही मुख्य खाद्य उंदीर-घुशींसारखे कुरतडणारे प्राणी.

परसातला साप या नोंदीच्या बाहेरचा. नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर या देशी सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना पकडून ठेवणे हाच गुन्हा, मग भरवण्याचा प्रश्नच उरत नाही. विहिरीत किंवा माडाच्या आळ्यात साप दिसला तर वन खात्याला कळवावे. परदेशी सापांची गोष्ट वेगळी. बॉल पायथन ‘साइटिस’ या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, याच अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार, त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही.

जिवंत उंदीर द्यावा की मेलेला, हा हौशी मंडळींतला जुना वाद. ‘जंगलात साप जिवंतच खातो’ हा युक्तिवाद ऐकायला ठीक वाटतो, पण जंगलात उंदराला पळायला वाट असते आणि सापालाही माघार घेता येते. काचेच्या पेटीत दोघांनाही ते शक्य नसते. भूक नसलेल्या सापाजवळ रात्रभर राहिलेला उंदीर सापालाच कुरतडतो. पाठीवरचे खवले, प्रसंगी मणक्यापर्यंतचे मांस खाल्लेले साप पशुवैद्यांना बघावे लागतात. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून कोंडणे हा अपराध आहे. मित्रांना जमवून, मोबाइल रोखून ‘शो’ करणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे. बहुतेक साप थोड्या सवयीने मेलेले भक्ष्य बिनतक्रार घेतात.

मेलेले म्हणजे कसे मेलेले, हेही महत्त्वाचे. उंदराला पाण्यात बुडवणे, आपटणे किंवा जिवंतपणी फ्रीझरमध्ये टाकणे या तिन्ही पद्धती क्रूर आहेत. थंडीने प्राणी ‘झोपी जातो’ ही सोयीची समजूत आहे. स्वीकारार्ह पद्धती दोन. एक, बंद पेटीत कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढवत नेणे. दुसरी, प्रशिक्षित हाताने मान झटकन निखळवणे. अगदी नवजात पिल्लांवर वायूचा परिणाम फार उशिरा होतो, म्हणून त्यांच्यासाठी तो एकटा पुरेसा नसतो. हे घरी जमणार नसेल, आणि बहुतेकांना ते जमत नाही, तर गोठवलेले उंदीर विकत घ्यावेत. घरातल्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मात्र कधीही देऊ नये. त्याने उंदीरनाशक खाल्लेले असू शकते, अंगावर परजीवी असतात, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाच्या धोक्यामुळे त्याला हाताळणे माणसालाही महागात पडू शकते.

गोठवलेले भक्ष्य उणे १८ अंश सेल्सिअसला साठवतात. गोव्यात खरी अडचण येते ती जून ते सप्टेंबरमध्ये, वाऱ्यापावसात वीज तासन्‌तास गेली की. सुट्टीवरून परतल्यावर फ्रीझरमधला माल दरम्यान वितळून पुन्हा गोठला होता की नाही, हे नुसते बघून कळत नाही. त्यावर एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवायचे. नाणे वर असेल तर माल ठीक. ते बर्फात खोल रुतलेले किंवा तळाशी दिसले तर सगळे उंदीर फेकून द्यायचे. डबा झाकणाचा, स्वतंत्र आणि नाव लिहिलेला असावा. सुंगटे (कोळंबी) आणि बांगड्यांच्या शेजारी उंदीर सापडल्यावर घरात जे होते, त्याचे वर्णन इथे नको.

आदल्या रात्री उंदीर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा. देण्याआधी पिशवीसकट ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवून कोमट करावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. बाहेर गार आणि आत शिजलेला असा उंदीर होतो, कधी पोटही फुटते. पोट दाबून आत बर्फाचा कडकपणा उरलेला नाही, याची खात्री करावी. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचा उष्णता टिपतात, त्यामुळे गार उंदराकडे तो ढुंकूनही पाहत नाही. उंदराचे डोके किंचित जास्त गरम ठेवले की काम होते. लांब चिमट्याने उंदराला कमरेशी धरून सापाच्या समोर, थोडा बाजूने न्यावा. जीभ भराभर आतबाहेर होऊ लागते, मानेला वळण पडते, साप क्षणभर गोठल्यासारखा थांबतो आणि झेप घेतो. विळखा बसला की चिमटा सोडून हलकेच मागे सरावे. उंदीर मेलेला असला तरी साप त्याला आवळतो, मग डोके शोधून तिथून गिळायला लागतो. या वेळी काच ठोठावणे, फोटोसाठी वाकणे बंद. हाताने भरवू नये. हाताला उंदराचा वास असेल तर साप हातच भक्ष्य समजतो.

भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी, फार तर किंचित जास्त. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पाच ते सात दिवसांनी केस न फुटलेले उंदराचे पिल्लू पुरते. प्रौढाला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांचे अंतर चालते. लाडाने दर आठवड्याला भरवलेले साप लठ्ठ होतात. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलू नये, नाहीतर तो अन्न ओकतो. ओकल्यास किमान दहा दिवस थांबून आधीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे.

सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. बॉल पायथनच्या पेटीतली गरम बाजू साधारण ३२ अंश लागते. पावसाळ्यात खोली २५-२६ अंशांवर उतरली आणि वीजही गेली, तर पोटात उंदीर सडू लागतो. म्हणून वादळाचा इशारा असेल त्या दिवशी भरवू नये, किंवा हीटर इन्व्हर्टरवर ठेवावा. मे महिन्यात उलटे : खोलीच ३३ अंशांची, त्यात थर्मोस्टॅटशिवाय चालू ठेवलेली गरम चटई सापाला भाजते. हवेतला दमटपणा गोव्यात आयताच मिळतो. कॉर्न स्नेकच्या पेटीत तो साचू न देणे, हेच इथले काम.

नागपंचमीला रोयणीपुढे (वारुळापुढे) दूध-लाह्या ठेवण्याची श्रद्धा आहे, पण दूध हा कोणत्याच सापाचा आहार नाही. गारुड्याचा साप ते पितो कारण त्याला तहानलेला ठेवलेला असतो. पेटीत स्वच्छ पाण्याचे भांडे पुरे. मासळी मुबलक म्हणून तिचे तुकडे देण्याचा मोह टाळावा. या दोन जाती मासे खाणाऱ्या नाहीत, आणि काही कच्च्या माशांतले विकर (एन्झाइम) ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. कोंबडीच्या बिनहाडी मांसात कॅल्शियम फारच कमी असते.

डोळे दुधाळ झालेला, कात टाकण्याच्या बेतातला साप बहुधा खात नाही. बॉल पायथन तर विणीच्या काळात महिनोन्‌महिने उपाशी राहतो आणि मालकच काळजीने वाळतो. तारीख, भक्ष्याचा आकार आणि सापाचे वजन वहीत लिहिलेले असेल तर उपास आणि आजार वेगळे ओळखता येतात : वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, तोंडाला फेस आला किंवा श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. जबरदस्तीने तोंडात उंदीर कोंबू नये. न खाल्लेला उंदीर काही तासांत काढून टाकावा आणि साल्मोनेला या जंतूच्या भीतीने हात, चिमटा, पाण्याचे भांडे साबणाने धुवावे, तेही स्वयंपाकघरातल्या मोरीत नव्हे.